चाचणी वाहिनीवर धाकटी

माझी धाकटी जाऊ गेली, त्यानंतरही बरीच वर्षं ती माझ्या बैठकीच्या खोलीत येत असे. दिवसाउजेडी यायची, कपाटाजवळ ठेवलेल्या छोट्या पडद्यावर. खिडकीपाशी उभी राहून केस विंचरायची, मध्येच मान वळवून काहीतरी बोलायची आणि उजवीकडे निघून जायची. पडदा काळा व्हायचा. थोड्या वेळानं ती पुन्हा यायची. तिला तिथे आणलं होतं माझ्या दिरांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं. ही हकिगत त्यांची आहे.

भाऊजींचं सगळं आयुष्य चित्रं तपासण्यात गेलं. त्यांची कंपनी इंटरनेटवरून घरोघरी सिनेमे, सामने, बातम्या पाठवते. कुणाला आपल्या घरचा समारंभ लांबच्या नातेवाइकांना दाखवायचा असेल, तर तोही दाखवते. इकडून निघालेलं चित्र तिकडे जसंच्या तसं पोचलं का, हे बघायचं त्यांचं काम. माझे यजमान होते तोवर धाकट्या भावाला चिडवायचे, "याला टीव्ही बघायचा पगार मिळतो आणि हा वर दमतोसुद्धा." ऑफिसात त्यांना 'भिंग' म्हणत. ते नाव काही खोटं नव्हतं. माझ्या मुलीच्या लग्नाची फिल्म बघताना पाठवणीला आम्ही सगळ्या डोळ्यांना पदर लावून बसलो होतो आणि भाऊजी म्हणाले, "नवऱ्यामुलाच्या काळ्या कोटाच्या चित्रात दाणे पडलेत."

त्यांच्या कामातला जुना वाद एकच होता. चित्र तपासायचं कुठे? मला समजावं म्हणून ते स्वयंपाकघराची भाषा बोलत. "वहिनी, डबा पाठवायचाय असं धरा. पातेल्यात चव घ्यायची, की वाटेत डबा उघडून बघायचा, की जेवणाऱ्याच्या ताटात जाऊन चाखायचं?" पातेलं म्हणजे कंपनीची मशीनची खोली. तिथे सगळं नेहमीच छान दिसतं. भाऊजी ताटाच्या बाजूचे. त्यांनी हट्टानं लोकांच्या घरी छोट्या डब्या बसवून घेतल्या. डबी नेटला जोडलेली असते आणि एखाद्या प्रेक्षकासारखी चित्र घेत राहते. तिला बघायला डोळे हवेत, म्हणून एक ठरलेलं चित्र मूळ रूपात तिच्या पोटात ठेवलेलं असतं. तेच चित्र कंपनी एका वेगळ्या, लोकांना न दिसणाऱ्या चाचणी वाहिनीवरून सतत पाठवते. डबी आलेलं चित्र मूळ चित्राशी ताडून बघते आणि गुण देते. आमच्या इमारतीला नेटची तार फार लांबून, फार जुनी येते, म्हणून एक डबी माझ्याकडे आली. डबीला खरं तर पडदा लागत नाही. भाऊजींनी माझ्याकडे मात्र लावला. म्हणाले, नजर ठेवता येईल.

ते ठरलेलं चित्र म्हणजे धाकटी.

आधी कंपनीनं विकत घेतलेली कारंजी आणि फुलं होती. भाऊजींना ती सोपी वाटली. त्यांना मोकळे बारीक केस हवे होते, हलणारा जाळीचा पडदा, बारीक नक्षी, माणसाची कातडी. एका सकाळी त्यांनी ऑफिसचा कॅमेरा घरी आणला. त्याच आठवड्यात धाकटी माझ्याकडे आली होती आणि ओट्याला टेकून हसत होती.

"ताई, लग्न झाल्यापासून या माणसानं कधी माझ्याकडे धड बघितलं नाही. आणि परवा सकाळभर बघत होते. म्हटलं, आज स्वारी काय खूश आहे. तर म्हणतात, तुझे केस फार अवघड आहेत."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? ठिपक्यांचा गाऊन घालून उभी राहिले. मेले हात भरून आले विंचरून विंचरून. शेवटी विचारलं, झालं का? आणि आत गेले."

ते विचारणंही चित्रात राहिलं. तिचे ओठ हलत आणि ऐकू काहीच येत नसे. डबीला आवाजाशी कर्तव्य नव्हतं.

पुढे ती आजारी पडली आणि पुष्कळ दिवस काढून गेली. चाचणी वाहिनी चालूच राहिली. ऑफिसात माणसं बदलली. ती बाई कोण हे कुणाला ठाऊक नव्हतं, भाऊजींनीही सांगितलं नाही. नव्या लोकांनी तिचं नाव 'केसवाली' पाडलं. आज केसवाली फाटली, आज केसवाली एकदम झकास, असं त्यांच्यात बोलणं चाले आणि भाऊजी त्यात बसून आपला चहा पीत.

माझ्याकडे ते दर रविवारी येत आणि अधूनमधून कामाच्या दिवशीही. खुर्ची पडद्यासमोर ओढून बसत. मीही हळूहळू सवयीची झाले. भाजी निवडताना ती आली की मी म्हणायचे, आलीस का. घरात एकटं राहणाऱ्या बाईला एवढी सोबतही सोबतच असते. पण तार बिघडलेली असली की मला तिच्याकडे बघवत नसे. कधी तिचा अर्धा चेहरा खाली सरके. एकदा तर ती उजवीकडे निघून गेली आणि चेहरा तिथेच खिडकीत राहिला. मागे खिडकीचा जाळीचा पडदा हलत होता आणि माणसाविना चेहरा हवेत टांगलेला. मी हातातलं ताट खाली ठेवलं.

"घाबरू नका," भाऊजी म्हणाले. "दर वेळी पूर्ण चित्र पाठवत नाहीत. जेवढं बदललं तेवढंच पाठवतात. ती निघून गेली ही बातमी वाटेत हरवली, म्हणून पडद्याला वाटतंय ती अजून तिथेच आहे."

"मग त्याला कळतं कधी?"

"पुढचं पूर्ण चित्र आलं की."

ते आलं, आणि चेहरा गेला.

मग तक्रारी सुरू झाल्या. सगळ्यांची एकच ओरड, काळोखाचा प्रसंग आला की चित्र मातीमोल होतं. माझ्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तरीण राहतात. त्या जिन्यात मला गाठून म्हणाल्या, "अहो, काल त्या सिनेमात खून झाला. कुणी केला ते सगळ्या जगाला दिसलं, मला नाही." आणि इकडे डब्या गुणांवर गुण देत होत्या. कंपनीतल्या लोकांनी डब्या काढून टाकायचा विषय काढला. त्याऐवजी प्रत्येक प्रेक्षकाच्या ॲपमध्येच एक छोटा प्रोग्रॅम घालायचा, चित्र अडकलं की तो आपणच कळवेल. काय ठेवायचं आणि काय काढायचं, यावरचा अहवाल भाऊजींनीच लिहायचा होता.

त्यांच्या वरच्या अधिकारी एका सकाळी त्यांच्याबरोबर माझ्याकडे आल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, चपला दाराबाहेर काढताना फोनवर बोलणाऱ्या.

"सर, सगळ्यात जास्त तक्रारी या भागातून आहेत. तुमची डबी म्हणते सगळं छान. खोटं कोण बोलतंय?"

"डबी खोटं बोलत नाही."

"मग लोक बोलतात?"

"लोक खुर्चीत झोपतात आणि उठून म्हणतात, सिनेमा अडकला होता."

बाई हसल्या. तेवढ्यात धाकटी आली. "आली केसवाली," त्या म्हणाल्या. "काकू, तुम्हाला कंटाळा नाही येत हिचा? आम्ही तर पैजा लावतो, आज हिला किती गुण म्हणून."

भाऊजी डबीमागची वायर बघत होते. नीट बसलेली वायर काढून पुन्हा बसवत होते.

"ती माझी धाकटी जाऊ," मी म्हणाले. "यांची बायको. जाऊन वर्षं झाली."

बाईंनी कप खाली ठेवला. धाकटीनं मान वळवली, ओठ हलवले आणि ती निघून गेली. पडदा काळा झाल्यावर बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कुणी विचारलं नाही."

पुढे कामाचं बोलणं फार झालं नाही. जाताना दारात उभं राहून, आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "तुम्ही लिहाल त्यावर मी सही करीन. डब्या ठेवा म्हणालात तर ठेवू. वर कुणाला कारण सांगायची गरज नाही."

त्या गेल्यावर भाऊजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "वहिनी, तुम्ही मला हात पसरून उभं केलंत."

"पैजा लावतात म्हणाली ती. मला नाही ऐकवलं."

"लावू देत की. मीही लावायचो."

त्यानंतर त्यांनी माझ्या जेवणाच्या टेबलावरच मुक्काम ठोकला, लॅपटॉप आणि जुन्या नोंदी घेऊन. ऑफिसात आता त्यांच्याशी सगळे हळू आवाजात बोलतात, म्हणाले, दवाखान्यात बोलावं तसं. मी चहा ठेवून जायची. ते लिहायला बसत आणि पुसून टाकत.

"डब्या ठेवायला कारण आहे, वहिनी. खरं कारण आहे. ॲपमधल्या प्रोग्रॅमला चित्र अडकलेलं कळतं, बिघडलेलं कळत नाही. माणसाचा चेहरा कसा आला ते त्याला दिसतच नाही."

"मग तसं लिहा."

"तिथेच हात अडतो. कारण खरं आहे, की मला हवंय म्हणून खरं वाटतंय, हे माझं मलाच सांगता येत नाही."

मलाही हवं होतं. पण तक्रारी का येतात हे सांगितल्याशिवाय अहवाल पुरा होणार नव्हता, म्हणून त्यांनी चित्र दाबून लहान करणाऱ्या मशीनच्या जुन्या जुळण्या, म्हणजे सेटिंग, एकेक करून काढल्या. इंटरनेटच्या तारेत सगळं चित्र मावत नाही. प्रवासाची बॅग भरताना काहीतरी मागे ठेवावं लागतं, तसं चित्रातलं काहीतरी टाकावं लागतं. काय टाकायचं हे इतकी वर्षं डब्यांच्या गुणांवरून ठरत आलं होतं. गुण वाढले की जुळणी ठेवायची, कमी झाले की बदलायची. आणि गुण कुणाचे? धाकटीचे.

ज्या दिवशी हे त्यांच्या ध्यानात आलं, त्या दिवशी ते उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर बघतच म्हणाले, "तिच्या चित्रात काळोख नाहीच, वहिनी. सकाळ आहे. तिला काळोख लागत नव्हता, म्हणून आम्ही सगळ्यांचा काळोख टाकून दिला."

"मुद्दाम तर नाही केलंत."

"कुणीच मुद्दाम नाही केलं. थोडं थोडं करत गेलो. ती नीट यावी एवढंच बघितलं."

हे ऐकल्यापासून मला टीव्ही लावायची भीती वाटू लागली. कुठल्याही सिनेमात बाई खिडकीजवळ येऊन उभी राहिली की चित्र लखलखीत होई, केसन् केस मोजून घ्यावा असं. मला वाटायचं, धाकटी जरा बाजूला सरून तिला जागा देते आहे. मग ती बाई आतल्या अंधाऱ्या खोलीत गेली की चिखल. साऱ्या गावातल्या पडद्यांमागे आमचीच एक बाई उभी होती आणि गावाला ते माहीत नव्हतं.

तरी अहवाल लिहिला गेला नाही. ते सकाळी येत, पडद्यासमोर खुर्ची ओढत, लॅपटॉप मांडीवर बंदच राही. एके दिवशी मास्तरीण माझी किल्ली परत द्यायला वर आल्या. भाऊजींना बघून म्हणाल्या, "बरे सापडलात, साहेब. तुमच्या कंपनीला एक विचारायचंय."

"विचारा."

"माझी बहीण गेली गेल्या महिन्यात. परगावी. माझ्या गुडघ्यांना प्रवास झेपत नाही, तर भाच्यानं तुमच्या कंपनीचा कॅमेरा लावला, मावशी तू घरी बसून शेवटचं दर्शन घे म्हणाला. हॉलमध्ये दिवे मंद ठेवलेले. असतात तसे. मी बसले लावून." त्या किल्ली टेबलावर ठेवायच्या ऐवजी हातातच फिरवत राहिल्या. "आवाज येत होता सगळ्यांचा. रडणं येत होतं. चित्रात नुसते काळे चौकोन. आता त्यातल्या कुठल्या चौकोनाला हात जोडायचे, ते सांगा."

भाऊजी त्या किल्लीकडे बघत होते.

"मी आपली सगळ्यांनाच जोडले," मास्तरीण म्हणाल्या आणि किल्ली ठेवून गेल्या.

धाकटी पडद्यावर आली. त्या दिवशी तार चांगली होती, इतकी की कपाळावरची बट वाऱ्यानं हललेली दिसत होती. ती गेल्यावर भाऊजींनी लॅपटॉप उघडला.

त्यांनी लिहिलं ते मला वाचून दाखवलं. डब्या काढाव्यात. अडकणं, थांबणं ॲपमधल्या प्रोग्रॅमनं कळवावं. चित्र बिघडतं का, ते मशीनच्या खोलीतच, चित्र दाबून झाल्यावर बघावं, पण एकच ठरलेलं चित्र घेऊन नव्हे. त्या दिवशी खरोखर जे पाठवलं जातंय, काळोख, सामने, हॉल, सगळं, त्यातूनच वेचून बघावं. जुन्या जुळण्या मोडाव्यात. चाचणी वाहिनी बंद करावी.

"दुसरं चित्र घालून डब्या ठेवता नाही येणार?" मी विचारलं. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

"येतील. मग काही वर्षांनी सगळं त्या दुसऱ्या चित्राच्या मापानं शिवलेलं असेल."

"तिचं चित्र तर तुमच्याकडे राहील ना? घरी लावून बघता येईल."

"आहे माझ्याकडे. पण ते मी लावायचं, तेव्हा ती येणार. इथे ती आपली आपण यायची. मी नसलो तरी यायची." ते जरा थांबून म्हणाले, "तुमच्याकडे यायची, तशी."

अधिकारी बाईंनी सही केली. वाहिनी बंद व्हायची ती एका दुपारी. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून आले, मीही नकळत बरं पातळ नेसले होते. आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो. ती आली, केस विंचरले, मान वळवून विचारलं, निघून गेली. पुन्हा आली. यातली शेवटची कुठली हे आम्हाला कसं कळणार? एकदा ती उजवीकडे गेली, पडदा काळा झाला. आम्ही थांबलो. ती आली नाही. भाऊजींनी पुढे होऊन डबीला हात लावून पाहिला. ती अजून गरम होती.

नव्या जुळण्या लागल्यावर तक्रारी खाली आल्या. मास्तरीण म्हणाल्या, आता रात्रीचेसुद्धा चेहरे ओळखू येतात. मला मात्र वाटतं, कुठल्याही बाईचे मोकळे केस आता पूर्वीइतके नीट येत नाहीत. भाऊजी म्हणतात, तसं काही नाही. छोटा पडदा त्यांनी नेला. तो होता त्या भिंतीकडे माझी मान अजून वळते. तिथे बघून मी 'आलीस का' म्हणत नाही एवढंच.

भाऊजी निवृत्त झाले, तरी रविवारचं येणं चुकवत नाहीत. परवा आले ते दारातच घुटमळले. बसल्यावरही इकडचं तिकडचं बोलले, हवा, गुडघे, पाण्याचा नळ. मग टेबलावर बोटानं रेघ ओढत म्हणाले, "वहिनी, एक विचारू? हसू नका."

"विचारा की."

"तिचा आवाज कसा होता?"

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"आठवून बघतो, तर ओठ हलतात," ते म्हणाले. "नुसते ओठ हलतात. इतकी वर्षं तशीच बघितली ना. आधीचंसुद्धा सगळं तसंच झालंय. लग्नातली आठवते, दवाखान्यातली आठवते, पण सगळीकडे नुसते ओठ. एकही शब्द ऐकू येत नाही. फोनमध्ये कुठे असेल म्हणून शोधलं. नाही."

मी सांगायला गेले. जरा जाड होता, मी म्हणाले. सर्दी झाल्यासारखा. वाक्याच्या शेवटी वर जायचा. ते मन लावून ऐकत होते आणि मान हलवत होते, पण परक्या माणसाचं वर्णन ऐकावं तसं. चव सांगून कळत नाही, तसा आवाजही सांगून कळत नाही.

मी चहा टाकायला म्हणून आत गेले. आधण ठेवलं. धाकटी माझ्याकडे असली आणि भाऊजी तिला न्यायला येऊन बाहेर पेपरात डोकं घालून बसले, की ती याच ओट्यापाशी उभी राहून त्यांना हाक मारायची. नावानं कधी नाही. माझ्या कानात ती हाक अजून जशीच्या तशी आहे. काय वाटलं कोण जाणे, मी गॅस बारीक केला, घसा जरा दाबला आणि तिच्यासारखी हेल काढून हाक मारली, "ओ इंजिनिअर, येताय ना?"

बाहेर खुर्ची सरकली.

"आलो गं," भाऊजी म्हणाले.

इतक्या सहज म्हणाले. मग त्यांची पावलं वाजली आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या अलीकडे येऊन थांबली. ते आत आले नाहीत. मीही ओट्याकडे तोंड करून तशीच उभी राहिले. मागे वळले असते, तर त्यांना मी दिसले असते.